देण्याची तयारी

फुर्तादो मिसनी फळ्यावर लिहिलं: फ्री रायडर.
मग वर्गाकडे वळून सोपं करून सांगितलं,
जो लाभ घेतो पण दाम मोजत नाही, तो.
मला आठवला रायबंदरचा तांबडा कुत्रा.
सकाळच्या दुसऱ्या खेपेला तो बोटीत चढतो,
चोडणला उतरून कुठंतरी जातो
आणि संध्याकाळी परततो
हापिस सुटल्यासारखा.

मग मला मी आठवले.
पायी जाणाऱ्याला तिकीट नाही.
तीन वर्षं मी मांडवी ओलांडते आहे फुकट,
आणि रॅम्प खाली सोडणारे हात
माझ्या बाबांचे.

टी. वाय.चा प्रकल्प. साठ झेरॉक्स, पाठपोट.
प्रश्न सातवा:
ही फेरीबोट उद्या बंद होणार असेल
तर ती चालू राहावी म्हणून
तुम्ही महिन्याला किती रुपये द्याल?
पुस्तकात ह्याला म्हणतात देण्याची तयारी.
वेलानी म्हणाली, लग्नाच्या बोलणीसारखं वाटतं गं.

नदी दहा मिनिटांची.
दहा मिनिटांत तीन फॉर्म होतात,
वारा नसेल तर चार.

स्कूटरवरचा माणूस, हेल्मेट न काढता: शून्य.
सरकार कशाला आहे?

निवृत्त सिरसाट मास्तर: पन्नास.
नको, तीस लिही.
पूल झाला तर शून्य. पण पूल काही होत नाही,
म्हणून चाळीस.
अपेक्षित मूल्य मी पहिल्यांदा असं समोर पाहिलं,
कानटोपी घातलेलं.

कॅसिनोच्या गणवेशातली मुलगी, रात्रपाळी करून आलेली,
खांबाला डोकं टेकून झोपली होती.
नखांवरची लाली अर्धी निघालेली.
उठवलं नाही.
‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलं.

सुकांती मावशी तांबड्या भाजीच्या पाटीमागून म्हणाली,
‘पयशे म्हाका सांगूंक येनात गो,
ह्यो दोन जुडयो घे.’
रकाना रुपयांचा होता.
मी बाजारभावानं लिहिले चाळीस.
रात्री त्या चाळिसांवर
आईनं खोबरं भुरभुरलं.

सरासरी आली सव्वीस रुपये चाळीस पैसे.
एकानं पाच हजार लिहिले होते.
मिस म्हणाल्या, हा काढून टाक,
असा एखादाच सगळा आलेख बिघडवतो.
काढला.
तो शेवटच्या खेपेचा होता. हातात डबा आणि चादर.
त्याची आई पलीकडे इस्पितळात होती,
हे माझ्या कुठल्याच प्रश्नात नव्हतं.

बाबांना नमुन्यात घेता येत नाही,
निष्कर्ष एका बाजूला कलतो.
तरी मी विचारलंच, पेन हातात न घेता.
साखळी गुंडाळता गुंडाळता त्यांनी उलट विचारलं,
झेरॉक्सला किती गेले?
दोनशे चाळीस.
मग तेवढे लिही, म्हणाले, तुझ्या नावावर.
आणि इंजिनाकडे बघून हात वर केला,
निघू दे.

पंचवीसपैकी एकोणीस मिळाले.
शेरा: मांडणी चांगली, मर्यादा अधिक स्पष्ट हव्यात.

फेरी चालू आहे.
दर खेपेला बाबा खात्याच्या वहीत
पेन्सिलीनं माणसं मोजून लिहितात.
काल मी खांद्यावरून डोकावले:
सकाळ, दुसरी खेप, एक्केचाळीस.
मी मोजली. चाळीस.
पुन्हा मोजली, झोपलेल्या मुलीसकट,
मलासुद्धा धरून.
चाळीसच.

कुत्रा कठड्यापाशी उभा होता,
नाक वाऱ्यावर देऊन.