नेले, आणले

कोपरखैरण्यात, पिठाच्या गिरणीवर
आमची मंडळी भरते.
रविवारी गिरणी बंद असते, तरी
गीतपुस्तकांना पिठाचा वास येतो,
आणि पाळकसाहेब जिना उतरतात तेव्हा
त्यांच्या काळ्या कोटाची कोपरं पांढरी.

भांड्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे.
तीस वर्षं मसाला मार्केटात तोलणार होतो मी,
म्हणून पंचांनी ठरवलं, ह्यांचा हिशोब चुकायचा नाही.
वही आहे. दोन रकाने.
नेले. आणले.

मोठं पातेलं एकच.
रिकामं, अकरा किलो चारशे.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय:
कै. सुगंधाबाई शांतवन घाटविसावे
हिच्या स्मरणार्थ, मुलांकडून.
मुलं आता कॅनडात आहेत म्हणे.

मयत झाली की त्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही.
चुली कुठे राहिल्यात आता, पण म्हणायचं तसंच.
कुणाला सांगावं लागत नाही.
एलीशेबा उजागरे तांदूळ निवडायला बसते,
शमुवेलचा टेम्पो दाराशी लागतो,
कुणी रडायला जातं, कुणी कांदे चिरायला.
कांदे चिरणाऱ्यांचं बरं असतं.

वाघचौरे, घणसोली. नेले सात मार्च, आणले अकरा.
शेरा: तळाला करपले.
भांबळ, तुर्भे स्टोअर. झाकण उशिरा मिळाले.
एका पानावर अक्षर माझं नाही.
आमची रत्नमाला गेली, त्या आठवड्याचं ते.
पातेलं माझ्याच उंबऱ्यात ठेवलं होतं,
वाफ येत होती,
आणि कुणी विचारलं असतं तरी
मला वजन सांगता आलं नसतं.

मे महिन्यातल्या एका नोंदीला
दुसरा रकाना कोराच राहिला बरेच दिवस.
खालच्या गिरणीतला रामसजीवन
पट्ट्याजवळ पोत्यांवर झोपायचा,
सकाळी उठलाच नाही.
गावाहून भाऊ यायला दोन दिवस.
खोलीत सातजण, स्टोव्ह एक,
आणि सगळे नुसते भिंतीला टेकून.
दयानंद कसोटेनं कुणाला विचारलं नाही.
किल्ली मागून घेतली, पातेलं उचललं,
जिन्याखालीच खिचडी टाकली.

पुढल्या रविवारी उपासनेनंतर पंच बसले.
एकजण म्हणाले, भांडी सभासदांपुरती, तसा ठराव आहे.
दुसरे म्हणाले, निदान पावती तरी फाडायची.
मीही वही पुढे केली. खोटं कशाला बोलू,
कोरा रकाना मला टोचत होता.
मागच्या खुर्चीवर मार्थाबाई गुडघे चोळत होत्या.
चोळता चोळताच म्हणाल्या,
"पातेल्याला बाप्तिस्मा कुणी दिला होता?"
कुणी हसलं नाही.
मग दयानंदला ठसका लागला, आणि सगळेच हसले.
ठराव तसाच राहिला. रद्द झाला नाही, वाचलाही गेला नाही.
पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन टाकला,
भुका लागल्या होत्या.

पातेलं नवव्या दिवशी परत आलं.
भावानं नारळाच्या शेंडीनं घासलं होतं, इतकं,
की सुगंधाबाईंचं नाव आता
बोट फिरवल्यावरच लागतं.
तो काही बोलला नाही, दोन्ही हातांनी पुढे केलं फक्त.
आत फडक्यात बांधलेलं पीठ.
सवयीनं हातावरच तोललं मी.
पाच किलोला थोडं वर.
आणले लिहिलं, तारीख घातली,
पिठासाठी रकाना नव्हता.

गाठोडं मार्थाबाई घेऊन गेल्या.
महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन.
भाकर ह्या वेळी जरा जाड होती,
कडेला किंचित डागलेली.
रांगेत माझ्यापुढे दयानंद, मागे शमुवेल.
कुणी काही विचारलं नाही.
दाताखाली थोडा कोंडा आला.