तळटीप

डंडीच्या अभिलेखागारात पेन चालत नाही.
पेन्सिल. गेडिसबाई स्वतः टोक काढून देतात.

गिरणीच्या आगीत बेचाळीस बायका गेल्या,
असं सगळेच लिहितात.
मी आकड्याच्या मागे लागले.
जाड ग्रंथ म्हणाला, अमकी पुस्तिका पाहा;
पुस्तिका म्हणाली, त्या आठवड्याचं वर्तमानपत्र;
वर्तमानपत्रात एवढंच: 'असे म्हणतात.'
शंभर वर्षं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून
चाललेली विद्वानांची रांग,
आणि सर्वांत पुढचा आंधळा.

मग पगारवही निघाली.
तागाचा वास अजून शिवणीत.
कारकुनाचं अक्षर मोत्यासारखं, बेरीज चोख.
एल्स्पेथ रे, वय चौदा.
आगीच्या शनिवारची अर्धी मजुरी कापलेली.
कारण: गैरहजर.
पुढच्या पानावर ती नाही. त्यापुढेही नाही.

"हे तर अस्सल," मी म्हटलं.
गेडिसबाई चष्मा पुसत राहिल्या.
"अस्सल आहेच. पण वही कुणाची, पोरी?"

बाहेर टे नदीवर चारलाच अंधार.
प्रबंधातलं बेचाळीस मी खोडलं.
खाली लिहिलं: पगारवही, पान एकसष्ट.
एक मुलगी वहीतून गेली, एवढं नक्की.
कुठे,
ते मालकाची वही सांगत नाही.