शून्याखाली अर्धा

मणेराजुरीत समुद्र नाही.
आहे ते शेततळं, निळ्या प्लास्टिकचं,
आणि आमच्या कोल्ड स्टोरेजच्या मागं
कंटेनर वळवायला केलेलं मुरमाचं मैदान.
फाल्गुनात तिथं पांढऱ्या पेट्या रात्रभर घुमतात,
पोटात द्राक्षं, अंगात थंडी.
शून्याखाली अर्धा.
तेवढाच आकडा माझा. त्याचाच पगार.

गेल्या सालापर्यंत
गाडी बंदराच्या फाटकातून आत गेली
की आकडा गप व्हायचा.
पाच-पाच मजले लोखंडावर लोखंड,
मधल्या गल्लीत रेंजसुद्धा अंग चोरायची.
एकोणीस तास. कधी छत्तीस.
मी पडद्याकडं बघत चहा निववायची
आणि मनातल्या मनात घड तपासायची,
देठ हिरवा आहे का,
देठ अजून हिरवा आहे का.

यंदा बंदरानं स्वतःची रेंज उभी केली.
स्वतःचे खांब, स्वतःच्या लहरी.
जसा एखाद्या मळ्याचा घरचा पाट,
गावच्या पाळीपत्रकाशी ज्याचा संबंध नाही;
लग्नसराईत सगळा मुलूख फोनवर बोलला
तरी त्याचं पाणी तुटत नाही.
क्रेनवाला आता क्रेनवर नसतो म्हणे,
काचेच्या खोलीत बसून कळ फिरवतो.
खाली बिनड्रायव्हरची गाडी
आखल्या रेषेवरून चालते,
आणि आमची पेटी
चौथ्या रांगेतून, तिसऱ्या मजल्यावरून
दर दोन मिनिटांनी सांगते:
शून्याखाली अर्धा.
शून्याखाली अर्धा.

हे मी चाचांना दाखवलं.
दिलावर मुजावर, राहणार सोनी,
एकवीस वर्षं त्याच यार्डात.
हातात बॅटरी, खिशात खडू, खांद्याला वॉकीटॉकी.
शिडी चढायची, आकडा वाचायचा, ओरडून कळवायचा,
पलीकडून नुसती खरखर: परत सांग, परत सांग.
त्या खरखरीनं उजवा कान खाल्ला.
रोजा सुटायच्या वेळेला वर असले तर वरच,
दाताखाली खजूर
आणि बॅटरीच्या उजेडात कुणाच्या तरी केळ्यांचं तापमान.
आता ते आमच्या गेटवर रजिस्टर लिहितात.
मला कुणी काढलं न्हाई, म्हणतात,
शिडीच काढली.

चाचांनी फोन लांब धरला,
मग जवळ आणला, डाव्या कानाला लावला.
"बोलत न्हाई ही."
"चाचा, बघायचं असतंय ते. हा बघा आकडा."
"आकडा झाला. पंखा?
पंखा बिघडायचा असला की आधी कण्हतो, पोरी.
आकडा चढायच्या तासभर आधी.
कान गेल्यावर मी तळवा लावायचो पत्र्याला.
तळव्याला कळतंय."

हसू आलं नाही.
खांब बसवणाऱ्या कंपनीचा पोरगा
दुपारी दुसऱ्याच कामासाठी फोनवर होता,
त्याला विचारलं, पंखा ऐकू येतो का तुम्हाला?
तो जरा थांबला.
थरथर मोजायचा सेन्सर यादीत आहे, मॅडम,
पुढच्या टप्प्यात.
चाचा मागून म्हणाले, त्याला सांग,
डाव्या अंगाला, खालच्या बोल्टाजवळ लाव म्हणावं,
तिथं पहिल्यांदा कळतंय.
मी पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, मेल केला.
उत्तर अजून नाही.

काल रात्री सातवी गाडी निघाली.
सील लागल्यावर चाचांनी पत्र्यावर हात ठेवला,
डोळे मिटले,
ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला तरी काढला नाही.
मग म्हणाले, जाऊ दे.
रजिस्टरात वेळ लिहिली. हाताचं काही लिहिलं नाही,
तसा रकानाच नाही.

आज सकाळी गेटवर ऊन चटचटत होतं.
"पोचली?"
"पोचली, चाचा."
"कुठं ठेवली?"
"चौथी रांग. तिसरा मजला."
"तिथं खाडीचा वारा लागतोय लई,"
ते म्हणाले,
आणि छत्तीस अंशांत
शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं.