रीडिंग

दुकानात शिरताच गार झोत अंगावर आला
आणि काय घ्यायला आलोय ते विसरून
मी नुसतीच एका मशीनखाली उभी राहिले,
दोरीवर घातलेल्या ओल्या लुगड्यासारखी.

बाहेर विश्रामबागेत एप्रिल.
डांबर चप्पल सोडत नव्हतं,
मार्केट यार्डावरून आलेली हळद
घशाशी कोरडी बसली होती.

"दीड टनच घ्या," मुजावरांचा सोहेल सांगत होता.
"हा साधा. खोली गार झाली की बंद पडतो,
तापली की खाडकन उठतो, पुन्हा पूर्ण जोरात.
हा इन्व्हर्टर. हा बंद पडत नाही, काकी.
हा हळू होतो."

हळू होतो.
मी ते त्याच्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

ह्यांनी खिशातलं पेन काढलं.
तेहतीस वर्षं दारोदारची मीटरं वाचलीत.
गावभागात कुठल्या जिन्याखाली कुठला आकडा पळतो
आणि कुठला मुद्दाम झोपवलाय,
अजून तोंडपाठ.
जाहिरातीच्या पाठकोऱ्या बाजूवर भागाकार मांडला:
फरक नऊ हजारांचा,
युनिटमागं एवढे,
म्हणजे वसूल व्हायला...
पेन थांबलं.
"रोज किती तास चालंल? एप्रिल-मे,
दुपारचे दोन-तीन धर.
मग साधाच परवडतोय की."

दोघंही माझ्याकडं बघत होते.
हिशेब माझ्यापाशी येऊन अडला होता.

दोन वर्षं झाली.
रात्री दीडला कुणीतरी मानेमागं चूल पेटवतं.
कान, गाल, छाती.
उठते, मोरीत जाऊन मनगटं नळाखाली धरते,
येऊन स्वयंपाकघराच्या शहाबादीवर आडवी होते
आणि पाचव्या मिनिटाला
कुडकुडत चादर शोधते.
साडेतीनला परत.
डिसेंबरातसुद्धा.
आयर्विन पुलाखाली पाणी फूट-फूट चढत होतं
आणि सगळी गल्ली जागी होती, त्या रात्रीसुद्धा
मी माझ्या वेगळ्या कारणानं जागी होते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाचं आहे, जाईल.
कधी, ते म्हणाल्या नाहीत.
ह्यांना मी काय सांगितलं होतं?
पंखा आवाज करतो.

"रोज," मी म्हणाले. "रात्रभर."
"आणि मे संपल्यावर?"
"बारा महिने."

पेन तसंच हवेत.
सोहेल उगाच रिमोटमधले सेल काढून बघायला लागला,
शहाणं पोरगं.
ह्यांनी भागाकार खोडला नाही.
कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली,
ती खिशात नीट बसवली
आणि म्हणाले, "हळू होणारा द्या."

रिक्षात एक शब्द नाही.
कॉलेज कॉर्नरला सिग्नल लागला तेव्हा
एवढंच, समोर बघत:
"पंख्याला मी तीनदा तेल घातलं."

मिस्त्री आला. बाहेरचं यंत्र
भिंतीवरल्या पुराच्या रेघेवर दोन हात चढवायला लावलं ह्यांनी.
"एवढ्या उंच, काका? सर्व्हिसिंगला शिडी लागंल."
"लागू दे."

आता रात्री खोलीत
खाडकन काही उठत नाही.
भट्टी यायची तेव्हा येतेच,
मशीनला काय कळतंय त्यातलं,
पण ते जागं असतं, हळू,
आणि मला मोरीपर्यंत जावं लागत नाही.

सकाळी ह्यांची वही.
तारीख, युनिट, जुनी खोड.
त्याशेजारी पट्टीनं आखलेला एक नवा रकाना,
वर नाव न घातलेला.
"कितीदा?" विचारतात,
चहा बशीत ओतता ओतता.
मी सांगते तो आकडा लिहून घेतात,
दुसऱ्या कुणाच्या घरचा असावा तसा, चेहरा न हलवता.

काल बिल आलं.
आज मी म्हणाले, "एकदाच."
ह्यांनी चष्म्यावरून बघितलं,
पेनाचं टोपण काढलं
आणि तीन लिहिलं.