फ्रिज सर्वांत शेवटी

सामान नेणारे सकाळी सातला येणार होते.
कन्नमवार नगर, दुसरा मजला, एकवीस वर्षं
खोक्यांवर मार्करने लिहून झाली होती:
किचन एक, किचन दोन, देव, काच सांभाळून.
फ्रिज तेवढा चालू, तो सर्वांत शेवटी बंद करायचा,
आणि फडताळात उरलं होतं ते,
जे खोक्यात भरायला लाज वाटते
आणि टाकायला हात होत नाही:
मारीचे दीड पुडे, त्यातला अर्धा सादळलेला,
कोकोच्या डब्याच्या तळाशी खडखडणारी ढेकळं,
कॉफीच्या दोन-दोन रुपयांच्या तीन पुड्या,
दूध पावडर, पिठीसाखर,
कागदाला चिकटलेली बटरची अर्धी वडी.

“यातून काय होणारे?” शाल्मली म्हणाली.
झोप आणि राग, दोन्ही सारखेच होते आवाजात.

मला फिलोमिना आठवली, टेलिफोन एक्स्चेंजमधली.
रात्रपाळी संपताना
बसच्या तिकिटामागे लिहून दिलं होतं तिनं:
ओव्हन नको, अंडं नको, घाई नको.
तिकीट कधीच हरवलं.
घाई नको एवढं राहिलं.

सिलिंडर दुपारीच काढला होता.
कॉफीपुरतं गरम पाणी पठारेकाकूंकडून आणलं,
पदरात धरून, जिना न सांडता.
रवी किचन दोनमध्ये, चमचे देव जाणे कुठे;
बटर तळहाताच्या उबेनं मऊ केलं,
त्यात साखर, कोको, पावडर,
आणि लाटण्याच्या टोकानं फेटत राहिले
मनगट बोलायला लागेपर्यंत.

बिस्किट कॉफीत बुडवायचं
एक, दोन म्हणेपर्यंत.
तीन म्हटलं की गेलं, वाटीच्या तळाशी गाळ.
सादळलेल्यांना तर एकही म्हणू नये,
नुसता पाय भिजवून काढायचा.

हेरंब आधीच भांडुपच्या भाड्याच्या खोलीत,
नळाला पाणी येतं का ते बघायला.
त्याच्याच डब्याचा मोठा कप्पा घेतला.
एक थर बिस्किटं, एक थर काळं लोणी,
पुन्हा बिस्किटं. मधल्या फटींत तुकडे.
चौथ्या थराला मारी संपली,
तेव्हा शाल्मलीनं न विचारता दप्तरातून
आपला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा काढला
आणि वरून चुरला.
मग बोटं चाटत म्हणाली, “राग गेला नाहीये अजून.”

रात्रभर रिकाम्या घरात फ्रिज एकटाच बोलत होता.
कधी दम खायचा, कधी पुन्हा सुरू.
मी गादीच्या वळकटीला टेकून ऐकत होते,
आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखी.

सहाला डबा काढला.
मग बटण बंद केलं.

जिन्यात सगळे आले, दात न घासलेले, गाऊनवर ओढणी घेतलेले.
सुरी नव्हती; शाल्मलीच्या फूटपट्टीनं कापलं,
म्हणून सगळ्यांना अगदी दोन-दोन इंच.
बशा नव्हत्या; तळहात होते.
पठारेकाकू म्हणाल्या, “माझी शुगर दोनशे ऐंशी, मला नको,”
आणि हात पुढे केला.
“तीन वर्षांनी बाविसावा मजला,” कुणीतरी म्हणालं.
“बिल्डर म्हणतो.”
“तेव्हा गरम पाणी मागायला लिफ्टनं यावं लागेल,”
काकू म्हणाल्या आणि चावत राहिल्या.

टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसले, डबा मांडीवर.
हायवेला लागेस्तोवर कड्या घामेजल्या.
“दागिने का, ताई?” त्यानं विचारलं.
मी झाकण उघडलं.
सिग्नल लाल होता.
दोन इंच उरले होते, हेरंबच्या वाटणीचे,
कडेनं पाझरायला लागलेले.
त्यातला एक इंच त्याला दिला.
त्यानं बोट चाटलं, स्टिअरिंगला पुसलं,
हिरवा झाला तरी क्षणभर गिअर टाकला नाही.