डावा गाल

डबी उघडण्याआधी मी ती उलटी करते.
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत
पहिलं नाव पाण्याचं, मग ग्लिसरीन,
मग शिआचं लोणी, मग बरंच काही मेणचट.
झाकणावर सोनेरी ठशात मिरवणारं रेटिनॉल
अत्तराच्याही खाली.
पत्रिका ज्याच्या नावाची,
तोच नवरदेव शेवटच्या पंगतीला.

क्रियापदं मी टाचणीने टोचून बघते.
सुरकुत्या कमी होतात, असं कुणी लिहीत नाही.
कमी दिसतात, लिहितात.
होणं आणि दिसणं यांच्या मधल्या फटीतून
पोझनानच्या आमच्या प्रयोगशाळेचं भाडं निघतं.
माझा पगारही.

बोगुमिवा प्शिबिल्स्का, वय अडुसष्ट, क्रमांक एकोणीस.
डाव्या गालाला अ, उजव्याला ब, अठ्ठावीस दिवस.
कशात औषध आणि कशात नुसती साय,
तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही.

पहिल्या दिवशी हनुवटी खोबणीत टेकवून म्हणाली,
"गार आहे गं, याग्ना."
कॅमेऱ्याने दऱ्या मोजल्या.
डावीकडच्या जवळजवळ दुप्पट खोल.
मी काच पुसली. पुन्हा पुसली.

"यंत्र ठीक आहे तुझं," ती हसली.
"एकतीस वर्षं ट्रक.
पोझनान ते व्हॅलेन्सिया, येताना संत्री.
खिडकी या बाजूला."
मग बोटाने एकेक घडी दाखवत गेली:
हा पिरेनीजचा घाट,
ही ल्योंच्या टोलनाक्यावरची रांग,
हा तो ऑगस्ट, नवरा फोनवर म्हणाला, येऊ नकोस घरी,
आणि ती आली,
संत्र्यांसकट.

अठ्ठाविसाव्या दिवशी आकडे तेच. दोन्हीकडे.
प्रश्नावलीत मात्र तिने खूण केली होती:
त्वचा तजेलदार वाटते. पूर्ण सहमत.

का, विचारलं.

"महिनाभर रोज रात्री
दोन मिनिटं आरशासमोर बसले.
इतकी वर्षं आरसा
फक्त मागून कोण येतंय ते बघायला होता."

तिची ती खूण आता
तेहेतिसांतल्या एकोणतीस जणींत जमा आहे.
खोक्यावर छापून येईल टक्केवारी,
खाली तारा, ताऱ्याखाली बारीक ओळ,
आणि त्या ओळीत ना घाट, ना संत्री.

उरलेली डबी तिने मागून घेतली.
टाचांना लावीन, म्हणाली.