वयाचा फोटो

सिव्हिलला दोन प्रकारचे फोटो निघतात:
मोडलेल्यांचे, आणि वयाचे.
वयाचे पोलिसांबरोबर येतात.

खैरनारबाई दोन पोरी घेऊन आल्या
सिन्नरच्या पुढून, कांद्याच्या चाळीमागच्या
पत्र्याच्या शेडमधून.
हौसा गावित, आणि थोरली मंजुळा.
गाव सुरगाण्याकडचा एक पाडा,
ज्याचं नाव फॉर्मवर तीनदा खोडलेलं.
मालकाच्या वहीत दोघी एकोणीस वर्षांच्या,
एकाच दिवशी जन्मलेल्या,
एकाच अंगठ्याखाली.

शाळेचा दाखला?
नाही.
जन्माची नोंद?
आई म्हणते, नागलीची लावणी चालू होती.
कोर्टात नागली चालत नाही.
म्हणून हाड.

म्हटलं, हात ठेव. पालथा. बोटं पसर.
प्लेट गार लागली तशी हसली हौसा.
"याला वात कुठंय?"
वात नसते गं, वाजत नाही हे.
तरी मी बटण दाबताना
तिनं मान वळवली, डोळे घट्ट मिटले,
कुणीतरी शिकवल्यासारखे.

स्क्रीनवर मनगट आलं.
हाड, हाडाचं टोक, आणि मध्ये काळी रेघ,
अजून न सांधलेली. वाढ तिथून होते.
केसाएवढी फट,
पण अख्खा कायदा तिच्यात मावतो:
सहा महिने ते दोन वर्षं कैद,
किंवा वीस ते पन्नास हजार दंड,
किंवा दोन्ही.
पुन्हा केलं तर एक ते तीन वर्षं.
खैरनारबाईंनी हे मला पाठ म्हणून दाखवलं.
आजवर किती जण आत गेले, विचारलं
तर म्हणाल्या, चहा गार होतोय तुमचा.

नखांपाशी पांढरे ठिपके होते.
डॉक्टर म्हणाले, प्लेट पुसली नाहीस का रे?
पुसली होती, साहेब.
ते बेरियम. फुलबाजीचं.
आपणही बेरियम पाजतोच की पेशंटला,
आतडं पांढरंशुभ्र उमटावं म्हणून.
पण आपलं विरघळत नाही,
आलं तसं निघून जातं.
हे दुसरं.

रिपोर्ट: बारा ते चौदा.
वकील त्यात दोन मिळवील, मिळवू दे.
सोळा झाले तरी दारूच्या कामाला बंदीच आहे.
दंड वसूल झाला तर बँकेत हौसाच्या नावावर,
वर सरकारचे पंधरा हजार.
अठराची झाली की काढता येतील.
म्हणजे, ती रेघ मिटली की.

मग मंजुळा.
तिनं न सांगता हात पालथा घातला.
रेघ होती अजून, पण
फळ्यावरचं कुणी बाहीनं पुसावं तेवढीच.
डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला, खाली ठेवला,
पुन्हा धरला.
सतरा ते एकोणीस.
वकील एकोणीसच उचलणार.
वहीत होतं तेच.
माझ्या मशीननं मालकाची वही खरी केली.

"मी हिच्याहून बारीक होते, तवा आले,"
मंजुळा म्हणाली, कुणालाच असं नाही.
त्या वर्षी तिचा फोटो कुणी काढला नव्हता,
आणि हाड मागचं सांगत नाही.
मग खैरनारबाईंना विचारलं तिनं,
शेडला सील लागलंय,
तीन आठवड्यांची हजेरी बाकीये आमची,
ती कुणाकडं मागायची?
बाईंनी कागद उलटसुलट केले.
कलमं बरीच होती त्यात.

त्या गेल्यावर प्लेट स्पिरिटनं पुसली.
मग दुसऱ्यांदा.
नंतरचा नंबर एका म्हाताऱ्याचा,
गंगेवर पायरीवरून घसरलेले.
मनगट साफ दुभंगलेलं, सरळ केस,
फक्त करंगळीजवळ एक पांढरा ठिपका.
डॉक्टरांनी चष्मा वर केला.
म्हटलं,
साहेब, तो ह्यांचा नाही.